पत्ता बदलणारे नाना

प्रत्येक विद्यापीठात एक माणूस असा असतो, ज्याचं नाव कुलगुरूंना माहीत नसतं आणि ज्याच्यावाचून कुलगुरूंचं नाव जगाला कळत नाही. तो प्राध्यापक नसतो म्हणून त्याला कोणी सर म्हणत नाही, आणि शिपाई नसतो म्हणून त्याला कोणी चहा आणायला सांगत नाही. संगणक केंद्राच्या मागच्या खोलीत, जिथला एसी यंत्रांसाठी मंजूर झालेला असतो, तिथे तो भर मे महिन्यात स्वेटर घालून बसलेला असतो. त्याचं पदनाम सिस्टिम अ‍ॅनालिस्टपासून तांत्रिक सहायकापर्यंत काहीही असू शकतं. वेतनश्रेणीचा वाद मात्र हमखास असतो आणि त्याची फाइल मंत्रालयात गेलेली असते. त्याच्या दारावर पाटी नसते. तिची गरजही नसते. त्याच्याकडे येणारा माणूस नेहमी धावत येतो, आणि धावणारा माणूस पाट्या वाचत नाही.

आमच्या विद्यापीठात या माणसाला नाना म्हणतात. पूर्ण नाव त्यांच्या सेवापुस्तकात असावं.

नाना अंगानं किरकोळ. चष्मा कपाळावर, शर्टाच्या खिशात दोन पेनं, एक निळं आणि एक लाल. सगळं विद्यापीठ ज्यांच्या भरवशावर इंटरनेटवर आहे, त्यांचा स्वतःचा मोबाइल बटणांचा आहे. त्यांची खरी दौलत म्हणजे लाल कापडी बांधणीची, रोजकीर्दीच्या आकाराची एक वही. विद्यापीठाच्या नावाखाली जगात जेवढे पत्ते आहेत ते सगळे या वहीत. डाव्या पानावर नावं: ग्रंथालय, परीक्षा, वसतिगृह, दूरशिक्षण. उजव्या पानावर त्या नावामागचा आकडा, म्हणजे ते नाव विचारणाऱ्याला ज्या सर्व्हरवर नेऊन पोचवायचं त्याचा आयपी. आणि शेवटी एक अरुंद रकाना: 'कोणाच्या सांगण्यावरून'. हे सगळं संगणकातही असतंच. पण संगणकात तो शेवटचा रकाना नसतो, आणि नानांच्या मते विद्यापीठ चालतं ते शेवटच्या रकान्यावर.

नाना कुठल्याच कामाला 'होईल' म्हणत नाहीत आणि 'होणार नाही'ही म्हणत नाहीत. एखादे विभागप्रमुख उत्साहानं येतात, "नाना, आपल्या विभागाच्या वेबसाइटचं नाव जरा बदलायचंय." नाना चष्मा कपाळावरून नाकावर आणतात आणि विचारतात, "आत्ताचा पत्ता कोणाकोणाकडे आहे?"

"म्हणजे?"

"म्हणजे यादी करून आणा."

निम्मी कामं या एका वाक्यावर परत जातात. त्यामुळे नानांना काही येत नाही, असा एक मतप्रवाह विद्यापीठात आहे. नानांना सगळं येतं पण ते करत नाहीत, असा दुसरा. चहाच्या टपरीवर या दोन प्रवाहांचा रोज संगम होतो.

अशा माणसाच्या नोकरीत एक दिवस असा उजाडतो, की विद्यापीठ आपला पत्ताच बदलायचं ठरवतं.

आमचा जुना पत्ता लांबलचक होता. इंटरनेट नवं असताना कुठल्याशा कंत्राटदारानं तो घेऊन दिलेला. विद्यापीठाचं अख्खं नाव इंग्रजीत, मधे एक आडवी रेघ आणि शेवटी डॉट ऑर्ग. फोनवर तो सांगताना आवक-जावकच्या कारकुनाला मधे पाणी प्यावं लागे. "हायफन... हायफन हो... डॅश, डॅश... बरं, मायनस लिहा!" मग नवे कुलगुरू आले. दिल्लीतल्या एका बैठकीत आपला ईमेल सांगता सांगता त्यांचा चहा गार झाला आणि शेजारच्या कुलगुरूंचं मात्र एका दमात उरकलं. परत येताच आदेश निघाला: तीन अक्षरं, पुढे डॉट एसी डॉट इन, सगळे ईमेल आणि सगळ्या वेबसाइट्स त्याच्यावर.

एसी डॉट इन हा पत्ता बाजारात मिळत नाही. देशातल्या शिक्षणसंस्थांना तो देण्याचं काम अर्नेट इंडिया या सरकारी संस्थेकडे आहे. संस्थाप्रमुखांच्या सहीचं पत्र, संस्था खरी असल्याचे कागद, शुल्क, सगळं नानांनी मुकाट्यानं पार पाडलं. अर्नेटचं नाव निघालं की नाना जरा हळवे होतात. १९८६ साली केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीनं हे जाळं सुरू केलं, तेव्हा तुमच्या-आमच्या घरी इंटरनेट यायला अजून नऊ वर्षं होती. ते विदेश संचार निगमनं दिलं १५ ऑगस्ट १९९५ ला. नव्वदच्या दशकात पुणे विद्यापीठाचा पत्ता 'युनिपुणे डॉट अर्नेट डॉट इन' होता, पवईच्या आयआयटीचा 'आयआयटीबी डॉट अर्नेट डॉट इन', पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र केंद्राचाही अर्नेटवरच. पुढे तिघांनीही पत्ते बदलले. पण खगोलशास्त्राचे त्या काळातले शोधनिबंध उघडून पाहा. आयुकाच्या लेखकांच्या नावाखाली अजून तोच अर्नेटचा पत्ता आहे. "आपण बदलतो तो आपल्याकडचा पत्ता," नाना म्हणतात. "लोकांकडचा कसा बदलणार?"

मग विद्यापीठाची बैठक बसली. कार्यक्रमपत्रिकेवर पत्ता बदलण्याचा विषय शेवटून दुसरा होता, 'मा. अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय' याच्या बरोब्बर आधी. कुलगुरूंनी मागच्या रांगेकडे पाहिलं. "ते संगणक केंद्राचे कोण... हां, तुम्ही. किती वेळ लागेल याला?"

"बदलायला पाच मिनिटं," नाना म्हणाले.

सभागृहात समाधान पसरलं. जनसंपर्क अधिकाऱ्यांनी पाच मिनिटं असं टिपूनही घेतलं. मग नानांनी वही उघडली. "आणि उरकायला, माझी निवृत्ती होऊन जाईल."

पुढचा पाऊण तास ती वही बोलत होती. जुना पत्ता कोणाकोणाकडे आहे? प्रवेशद्वाराच्या कमानीवर आहे. दोन्ही बसवर आहे. लेटरहेडांवर, रबरी शिक्क्यांवर, दीक्षान्त समारंभात वाटलेल्या पिशव्यांवर आहे. नॅकला दिलेल्या अहवालात पुराव्यादाखल जोडलेल्या झाडून सगळ्या लिंकांमध्ये आहे. पदवीप्रमाणपत्रावर छापलेल्या क्यूआर कोडात आहे, आणि ती प्रमाणपत्रं लोकांच्या घरी चौकटीत लागली आहेत. बँकेकडे, वीज मंडळाकडे, जीएसटीच्या नोंदणीत, विद्यापीठ अनुदान आयोगाच्या यादीत आहे. प्राध्यापकांनी ज्या-ज्या नियतकालिकांत निबंध लिहिले त्या सगळ्यांत पत्रव्यवहाराचा पत्ता म्हणून आहे. परदेशात शिकायला गेलेल्या मुलांच्या गुणपत्रिका पडताळणाऱ्या संस्थांकडे आहे. विद्यापीठाच्या नेहमीच्या पत्त्यावरून आलेलं पत्रच त्या खरं मानतात, आणि उद्या नव्या पत्त्यावरून पत्र गेलं तर आपल्याच विद्यापीठाला आपण खरे असल्याचं सिद्ध करावं लागेल.

इथे कुलगुरूंनी पहिल्यांदा नानांचं नाव विचारलं. म्हणजे जोखीम किती आहे हे विचारण्याआधी.

मग सभागृहातल्या एकेकाला कंठ फुटला. वित्त व लेखा अधिकाऱ्यांचं म्हणणं साधं होतं: नवा पत्ता घेतला की जुन्याचं शुल्क बंद. नानांनी लाल पेनानं वहीत एक रेघ ओढली. "साहेब, एसी डॉट इन फक्त शिक्षणसंस्थेला मिळतो. ऑर्ग कोणालाही मिळतो. आपण सोडला की कोणीतरी घेणार. त्यानं आपल्या नावावर लोकांना रमी खेळायला बोलावलं तर ते एक वेळ परवडेल. पण आपल्याला येणारी पत्रंही त्याच्याकडे जातील. 'पासवर्ड विसरलात?' असं विचारलं की येणारं पत्रसुद्धा." वित्ताधिकाऱ्यांनी अंदाज घ्यायला विचारलं, "किती वर्षं ठेवायचा मग?" नाना म्हणाले, "विद्यापीठ किती वर्षं ठेवायचंय?"

परीक्षा विभागाच्या संचालकांनी एकच अट घातली. काय बदलायचं ते परीक्षेचा हंगाम नसलेल्या महिन्यात बदला. सगळ्यांनी कॅलेंडर काढलं. उन्हाळी परीक्षा, हिवाळी परीक्षा, पुनर्परीक्षा, पुनर्मूल्यांकन, एटीकेटी, आणि त्या सगळ्यांचे निकाल. असा महिना विद्यापीठाच्या स्थापनेपासून झालेला नाही, असं निष्पन्न झालं. शेवटी दिवाळीच्या सुट्टीवर एकमत झालं, कारण त्या दिवसांत निदान चौकशीला माणसं येत नाहीत.

आमच्या मराठी विभागानंही आपलं कर्तव्य बजावलं. आमच्या प्रमुखांनी मागणी केली की पत्ता देवनागरीतच हवा. डॉट भारत २०१४ पासून मिळतं, मग इंग्रजीचं ओझं कशाला? टाळ्या पडल्या. नानांनी मान डोलावली. "घेऊ की. पण मॅडम, 'विद्यापीठ' मधला पी पहिला का दुसरा?"

"दुसरा! दीर्घ!"

"तो घेऊ. आणि ऱ्हस्व पी लिहिणारे जास्त आहेत, म्हणून तोही घ्यावा लागेल. शुद्ध आणि अशुद्ध, दोन्हीचं शुल्क वेगळं." मराठी विभागाला अशुद्धलेखनासाठी आर्थिक तरतूद मागायची वेळ आली तेव्हा प्रमुखांनी प्रस्ताव मागे घेतला. वर नानांनी हळूच सांगितलं की परदेशातल्या नियतकालिकांचे अर्ज देवनागरी ईमेल बघून 'पत्ता चुकीचा आहे' असं म्हणतात. चुकीचा कोण हा वाद मग ऐनवेळच्या विषयांत गेला.

बैठकीनंतर टपरीवर मी नानांना म्हटलं, "नाना, नाव बदलणं म्हणजे केवढं अवघड असेल ना?" नाना हसले. म्हणाले, "नाव बदलणं सोपं असतं, सर. त्याला विधिमंडळ आहे, कायदा आहे, राजपत्र आहे. मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ ला झाला. पुणे विद्यापीठ २०१४ ला सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ झालं, जळगावचं २०१८ ला कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ. पण पुण्याचा पत्ता अजून 'युनिपुणे'च आहे आणि जळगावचा 'एनएमयू'च. शहाणी माणसं. नाव बदलायला लढा लागतो, पत्ता बदलायला मी लागतो, म्हणून ते मला कामाला लावत नाहीत." थोडं थांबून म्हणाले, "आणि ज्यांना बदलावा लागतो, त्यांच्या मागे कोणीतरी मोठं लागतं. रिझर्व्ह बँकेनं सगळ्या बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत बँक डॉट इनवर जायला सांगितलं, लोकांनी खोट्या साइटांना फसू नये म्हणून. कारण आहे. आपल्यामागे काय लागलंय? चहा गार झाला."

नानांची दैवतं वेगळी आहेत. कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये सत्तरच्या दशकात एलिझाबेथ फाइनलर नावाच्या बाईंचं कार्यालय होतं. इंटरनेटच्या आधीच्या त्या जाळ्यात जेवढी यंत्रं, त्या सगळ्यांची नावं या कार्यालयातल्या एका फाइलीत. नाव लावायचं तर या कार्यालयाला कळवायचं. ते फाइलीत घेणार. बाकीचे ती फाइल उतरवून घेणार. नानांना ही व्यवस्था मनापासून पटते. पुढे यंत्रं वाढली, फाइल पुरेना, आणि १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी नावांचा हा कारभार मोडून जगभर वाटून दिला. त्यालाच आज डीएनएस म्हणतात. "तेव्हापासून," नाना म्हणतात, "कोणाकडे कोणाचा कुठला पत्ता आहे, हे कोणालाच माहीत नाही."

जनसंपर्क अधिकाऱ्यांनी बदलाचा समारंभ ठरवला होता. मंत्रिमहोदय सकाळी अकरा वाजता बटण दाबणार, पडद्यावर नवी वेबसाइट उमलणार, तुतारी वाजणार. नानांनी समजावायचा प्रयत्न केला. डीएनएसच्या प्रत्येक नोंदीसोबत एक आकडा असतो, तो सेकंदांत. ही नोंद विचारून घेणाऱ्यानं तेवढे सेकंद ती लक्षात ठेवावी आणि पुन्हा विचारू नये, असा त्याचा अर्थ. आमच्या जुन्या नोंदींवर तो आकडा ८६,४०० होता, म्हणजे पूर्ण एक दिवस. अकरा वाजता बटण दाबलं तरी कोणाकोणाचा संगणक दुसऱ्या दिवशी अकरापर्यंत जुन्याच सर्व्हरवर जात राहील. म्हणून नानांनी आठवडाभर आधीच तो ३०० वर आणला. "आपल्याला जगानं किती वेळ लक्षात ठेवावं, हे ठरवायचा अधिकार कुलगुरूंनाही नाही," ते म्हणाले, "तो संगणक केंद्राला आहे." जनसंपर्क अधिकाऱ्यांनी हे वाक्य प्रसिद्धिपत्रकात घेतलं नाही.

त्यातच नवा पत्ता त्यांनी वर्तमानपत्रांना आधीच देऊन ठेवला होता. लोक तो उघडून बघू लागले आणि 'असा पत्ता नाही' हे उत्तर घेऊन जाऊ लागले. नाना संतापले ते तेव्हा. कारण जग 'आहे' लक्षात ठेवतं तसं 'नाही'सुद्धा काही काळ लक्षात ठेवतं. मग बटणाची वाट न पाहता त्यांनी दोन रात्री आधीच काम उरकलं. पहारेकऱ्यानं सांगितलं ते असं: नाना, थर्मास, वही. आधी दोन्ही पत्त्यांवरची पत्रं एकाच पेटीत पडतील अशी सोय. मग जुन्या पत्त्याची एमएक्स नोंद, म्हणजे टपाल कुठल्या सर्व्हरनं घ्यायचं त्याची नोंद, नव्या सर्व्हरकडे. मग वेबसाइट्स एकेक करून, आधी ज्यांच्याकडे कोणी फिरकत नाही त्या, शेवटी परीक्षेची. प्रत्येक नोंदीपुढे निळी खूण. पहाटे एका नावापुढच्या रकान्यात 'कोणाच्या सांगण्यावरून' याचं उत्तर सापडेना, तेव्हा नाना पंधरा मिनिटं नुसते बसून होते म्हणे. मग त्यांनी तिथे स्वतःचं नाव लिहिलं.

समारंभाच्या दिवशी मंत्रिमहोदयांनी बटण दाबलं, वेबसाइट उमलली, तुतारी वाजली. बटणाची वायर टेबलाखालीच संपत होती. पडद्यामागच्या मुलानं तुतारीच्या आवाजावर माउस दाबला होता. नाना शेवटच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते, त्या कदाचित त्या मुलासाठी असाव्यात.

इथून पुढे नानांचा खरा उद्योग सुरू झाला. परीक्षा विभागानं नव्या पत्त्यावरून सगळ्या विद्यार्थ्यांना एकाच दुपारी हॉल तिकिटं पाठवली आणि ती सगळी स्पॅममध्ये गेली. नव्या पत्त्याला जगात पत नसते. पहिल्याच दिवशी हजारो पत्रं पाठवणारा अनोळखी इसम संशयितच ठरतो. शिवाय जीमेलला दिवसाला पाच हजारांहून अधिक पत्रं पाठवणाऱ्यांसाठी गुगलनं फेब्रुवारी २०२४ पासून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क या तिन्ही गोष्टी सक्तीच्या केल्या आहेत. विद्यापीठात त्या होत्या, पण परीक्षा विभागानं नानांना न विचारता तिसऱ्याच एका एजन्सीकडून पत्रं पाठवली होती आणि तिचं नाव कुठल्याच यादीत नव्हतं. कुलसचिवांनी खुलासा मागवला. नानांनी एका परिच्छेदात दिला: एसपीएफ म्हणजे प्राधिकृत स्वाक्षरीकर्त्यांची यादी, डीकेआयएम म्हणजे स्वाक्षरी, आणि डीमार्क म्हणजे स्वाक्षरी जुळत नसल्यास करावयाची कार्यवाही. कुलसचिवांना आयुष्यात पहिल्यांदा इंटरनेट समजलं. परीक्षा विभागाला कारणे दाखवा नोटीस गेली. ती मात्र छापील होती.

प्राध्यापकांचे लगेच तीन गट पडले. पहिल्या गटानं संध्याकाळपर्यंत नवी व्हिजिटिंग कार्डं छापली. दुसऱ्या गटाचे पुढारी रसायनशास्त्राचे एक ज्येष्ठ प्राध्यापक. ते संगणक केंद्रात येऊन म्हणाले, "माझी सगळी सायटेशन्स त्या पत्त्यावर आहेत. मी हा पत्ता घेऊनच निवृत्त होणार." नानांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं, आणि जुन्या पत्त्यावरची त्यांची पत्रं येत राहतील असं लेखी दिलं. तिसरा गट सगळ्यांत मोठा. या गटानं विद्यापीठाचा ईमेल कधी उघडलेलाच नव्हता. जुना पत्ता जाऊन नवा आल्याचं परिपत्रक त्यांना जीमेलवर मिळालं, आणि दोघातिघांना रेडिफमेलवर. नानांनी इतक्या रात्री जागून ज्या पेट्या हलवल्या त्यांतल्या कित्येकांत एकच पत्र होतं: 'आपल्या नव्या ईमेल खात्यात स्वागत आहे.' न उघडलेलं. नानांनी तेही हलवलं.

वेबसाइटचं काम ज्या कंत्राटदाराकडे होतं, त्यानं जुनी पानं उघडणाऱ्या प्रत्येकाला थेट नव्या मुख्य पानावर आणून सोडलं होतं. बारामतीचं तिकीट काढलेल्या सगळ्यांना शिवाजीनगरला उतरवून 'पोचलात' म्हणावं, तसं. वर त्यानं ही सोय 'तात्पुरती' अशी नोंदवली होती. वेबच्या भाषेत ३०१ म्हणजे कायमचं स्थलांतर आणि ३०२ म्हणजे तात्पुरतं. शोधयंत्रं नवा पत्ता स्वीकारतात ते ३०१ पाहून. नानांनी कंत्राटदाराला समोर बसवलं आणि त्याचं बौद्धिक घेतलं. वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांनी १९९८ मध्येच लिहून ठेवलंय की चांगले पत्ते बदलत नसतात. प्यू रिसर्च सेंटरनं २०२४ मध्ये दाखवून दिलंय की २०१३ साली असलेल्या वेबपानांपैकी ३८ टक्के पानं दहा वर्षांनी सापडत नव्हती. "त्या अडतीस टक्क्यांत," नाना म्हणाले, "आपलं विद्यापीठ घालायला तुम्हाला पैसे दिलेले नाहीत." मग प्रत्येक जुन्या पानाला त्याच्या नेमक्या नव्या पानाशी जोडायची यादी नानांनी स्वतः केली. त्यात कधीकाळच्या एका जलसंधारण परिसंवादाचं निमंत्रणही होतं. कंत्राटदार म्हणाला, "हे पान कोण उघडतं?" नानांनी सर्व्हरची नोंदवही काढली. वर्षातून तीन-चार वेळा कोणीतरी उघडत होतं. "कोण, ते माहीत नाही," नाना म्हणाले, "म्हणूनच ठेवायचं."

शोधगंगा या प्रबंधांच्या ऑनलाइन भांडारातल्या प्रबंधांपुढे मात्र नानांनी कौतुकानं निळी खूण केली. तिथे प्रत्येक प्रबंधाला १०६०३ नं सुरू होणारा हँडल क्रमांक असतो. उद्या शोधगंगेचा पत्ता बदलला तरी क्रमांक तोच राहतो आणि तो विचारणाऱ्याला बरोबर जागी पोचवतो. "हे लोक विचार करून बसलेत," नाना म्हणाले. त्यांच्या तोंडून निघालेली ही एवढीच स्तुती मी ऐकली आहे.

असल्या माणसाची पंचाईत अशी, की त्याचं काम चांगलं झालं म्हणजे काहीच झालेलं नसतं. पत्र आलं नाही तर नानांना फोन येतो. पत्र आलं तर ते ज्यानं लिहिलं त्याचं. त्या वर्षीच्या वार्षिक अहवालात नव्या पत्त्याबद्दल दोन पानं आहेत. त्यांत मंत्रिमहोदय, कुलगुरू, जनसंपर्क विभाग आणि तुतारीवाला, सगळ्यांचे आभार आहेत. नानांना वाईट वाटलं असेल म्हणून मी विषय काढला, तर ते म्हणाले, "अहवालात जुन्या वेबसाइटची लिंक छापली आहे. पण काळजी नाही, चालते."

नानांच्या वहीत आता नवं पान आहे: जुन्या पत्त्यावर अजून काय येतं. कमान रंगली, बसवर नवं स्टिकर लागलं, शिक्के बदलले. एकेक ओळ लाल पेनानं कापली जाते. पण तळाशी नव्या ओळी वाढत असतात. कुठून कुठून पत्रं येतात: वीस वर्षांपूर्वीचा विद्यार्थी, बंद पडलेल्या अभ्यासक्रमाची चौकशी, जर्मनीतून एका निबंधाची प्रत मागणारा कोणी संशोधक. वर सगळ्या डोमेनांना ठेवावी लागते ती 'पोस्टमास्टर' नावाची पेटी. तिच्यातलं पत्र वाचणाऱ्या देशातल्या मोजक्या माणसांत नाना असावेत.

यंदाच्या लेखापरीक्षणात अपेक्षेप्रमाणे आक्षेप निघाला. 'विद्यापीठाने नवीन संकेतस्थळ कार्यान्वित केल्यानंतरही वापरात नसलेल्या जुन्या नावावर दरवर्षी नूतनीकरण शुल्क खर्च केल्याचे दिसून येते. सदर खर्च निष्फळ असून त्याबाबत स्पष्टीकरण द्यावे.' वित्ताधिकारी स्वतः संगणक केंद्रात आले, आणि धावत आले. "नाना, उत्तर द्यायचंय. आता काय लिहायचं?"

नानांनी आक्षेपाची प्रत हातात घेतली. वाचली नाही, नुसती वरची ओळ बघितली. मग निळ्या पेनानं अनुपालन लिहून दिलं: 'सदर आक्षेप मा. लेखापरीक्षण कार्यालयाने ज्या ईमेल पत्त्यावर पाठविला, तोच हा पत्ता होय. तो बंद केल्यास यापुढील आक्षेप प्राप्त होणार नाहीत. तरी पत्ता बंद करावा किंवा कसे, याबाबत मार्गदर्शन व्हावे.'

परिच्छेद वगळण्यात आला. वित्ताधिकाऱ्यांनी त्याच आठवड्यात जुन्या पत्त्याचं दहा वर्षांचं शुल्क एकरकमी मंजूर केलं, आणि नानांच्या वेतनश्रेणीची फाइल मंत्रालयातून परत आली आहे का, याचीही चौकशी केली. ती आली होती. एका त्रुटीसह: कर्मचाऱ्याचा ईमेल पत्ता विद्यापीठाच्या सध्याच्या पत्त्याशी जुळत नाही.